यजमानांचे नंबर

पौरोहित्य केंद्रात नोकरी केली असं सांगितलं की लोक मला दोन प्रश्न विचारतात. पहिला मोठ्याने: "म्हणजे तुम्ही स्वतः पूजा सांगायचात?" दुसरा जरा जवळ सरकून: "खरं सांगा, गुरुजी मधले मंत्र गाळतात ना हो?" पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर मी आजवर कोणाला दिलेलं नाही आणि इथेही देणार नाही. पण दुसरा प्रश्न विचारणारी माणसं मला आवडतात. संशय घेणारा माणूस निदान लक्ष तरी देत असतो.

माझा स्वभाव मुळातलाच संशयी की नोकरीने झालेला, हे आता सांगता येणार नाही. केंद्रात येण्याआधी मी भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होते. कामगार किती वाजता आत आला हे त्याच्या कार्डावर छापून यायचं, आणि ते कार्ड खरोखर त्यानेच यंत्रात घातलं की त्याच्या मित्राने, हे बघणं माझं काम. पुढे देशाची दारं उघडली, बाहेरचा माल आत आला आणि आमच्यासारखे पुष्कळ जण बाहेर पडले. कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. घरी बसून थोडे दिवस झाले नाहीत तोच मी शेजारणीचा दूधवाला किती वाजता येतो हे तिला सांगायला लागले. तेव्हा नवरा म्हणाला, "मालती, तू कुठेतरी नोकरी बघ. मला भीती वाटायला लागली आहे."

नारायण पेठेतल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर केंद्राचं ऑफिस होतं. दोन टेबलं, एक फोन, भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर आणि गुरुजींना बसायला एक लांब बाकडं. लोकांना वाटतं की फोन आला, गुरुजी पाठवले, संपलं. तसं नसतं. कोणती पूजा, किती ब्राह्मण लागतील, साहित्य कोण आणणार, मुहूर्त किती वाजेपर्यंत आहे, घर कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू आहे का, हे सगळं विचारावं लागतं. शहराच्या कडेला उंच इमारती झाल्यावर त्यात आणखी एक प्रश्न आला: घरात धुराचा अलार्म आहे का? एका वास्तुशांतीला होम पेटला आणि अख्ख्या इमारतीतली माणसं जिन्याने खाली पळाली. गुरुजी तेवढे वर राहिले, कारण पूर्णाहुती व्हायची होती.

गिऱ्हाइकंही बदलली. सत्यनारायण अमेरिकेच्या दोन फोनच्या मध्ये बसवा म्हणणारे आले. कथा इंग्रजीत सांगा म्हणणारे आले. हिंजवडीच्या एका कंपनीला दसऱ्याला सर्व्हरच्या खोलीची पूजा हवी होती. त्यांचा मॅनेजर मला फोनवर सांगत होता, आत पाणी शिंपडायचं नाही, उदबत्ती लावायची नाही, कुंकू उडायला नको, नारळ फोडायचा नाही. बाकड्यावर बसलेल्या विनायकगुरुजींना मी ते ऐकवलं. ते म्हणाले, "त्यांना विचारा, मी तरी आलो तर चालेल ना?"

हे विनायकगुरुजी म्हणजे केंद्रातले सगळ्यात ज्येष्ठ. किडकिडीत देह, आवाज मात्र असा की खालच्या दुकानातल्या माणसाला वर कोणतं सूक्त चाललंय ते कळावं. जीभ तिरकस. पुण्यातल्या माणसाने एक वाक्य बोलावं आणि समोरच्याने घरी जाऊन त्याचा अर्थ लावत बसावं, त्या जातकुळीतले. त्यांची आणि माझी गट्टी जमली, कारण त्यांचाही कोणावर विश्वास नव्हता.

ही गोष्ट समजायला या व्यवसायातली एक रीत सांगायला हवी. ज्याच्या घरी पूजा असते तो यजमान. गुरुजींकडे काम दोन वाटांनी येतं. एक, केंद्रात फोन येतो आणि आम्ही ज्याला सवड असेल त्याला पाठवतो. दुसरं, त्यांचे स्वतःचे घरचे यजमान. हे वडिलांकडून मुलाकडे आलेले असतात. बापाने ज्या घरात मुंज लावली, त्या घरातलं लग्न मुलगा लावतो. गुरुजींची खरी इस्टेट तीच, आणि ती कोणी कोणाला दाखवत नाही. दोन गुरुजी वर्षानुवर्षं एका बाकड्यावर बसतील, एकमेकांच्या पोरांच्या मार्कांची चौकशी करतील, पण "उद्या कुठे जाताय?" असं विचारलं तर "आहे एक, कोथरूडच्या बाजूला" यापलीकडे उत्तर येणार नाही.

आणि कधी अडचण आली, सुतक आलं, ताप आला, तर बदली माणूस पाठवावा लागतो. तो निवडण्यातही कला असते. बदली गुरुजी आपल्यापेक्षा थोडे कमी हवेत. फार कमी नकोत, नाहीतर यजमान रागावेल. पण बरोबरीचे तर मुळीच नकोत, नाहीतर पुढच्या वर्षी यजमान त्यांनाच बोलावेल. केंद्रात या कामासाठी सगळ्यांचे आवडते होते गोपाळगुरुजी. पाठांतर चोख, माणूस सज्जन, पण आवाज इतका बारीक की समोर बसलेल्यालाही वाटावं, गुरुजी स्वतःशीच काही बोलतायत. आणि सगळ्यांनाच धास्ती होती ती शशांकगुरुजींची. तरुण, देखणे, खणखणीत आवाज, इंग्रजीत अर्थ सांगणारे. त्यांना बदली पाठवणं म्हणजे यजमान हातात नेऊन देणं.

अशा या मंडळींत मंदारने इंटरनेट आणलं. मंदार हा केंद्र काढणाऱ्या आप्पांचा मुलगा, सॉफ्टवेअरमधला. आप्पा गेल्यावर केंद्र त्याच्याकडे आलं. एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला आणि सगळ्या गुरुजींना बाकड्यावर बसवून त्याने एक वेबसाइट दाखवली. काही विकत घ्यायचं नाही, काही बसवायचं नाही. एका पानावर सगळ्यांची कामं तारीखवार, दुसऱ्या पानावर सगळ्या यजमानांची नावं, पत्ते, फोन. काम झालं की पुढच्या चौकोनात बरोबरची खूण करायची.

"सगळा डेटा एका जागी," मंदार म्हणाला. "कुठूनही ॲक्सेस."

"कुठूनही म्हणजे कोणालाही, असंच ना?" विनायकगुरुजींनी विचारलं.

"नाही हो गुरुजी, फक्त आपल्या ग्रुपला."

"तेच म्हणतोय मी," गुरुजी म्हणाले.

मला वेगळीच शंका होती. "हे फुकट का देतात रे?" मी विचारलं. जी वस्तू फुकट मिळते तिच्यात मला नेहमी काहीतरी दडलेलं दिसतं. मंदार म्हणाला, "बेसिक व्हर्जन फ्री असतं, काकू." मी विचारलं, "आणि आपली ही माहिती राहते कुठे?" तो म्हणाला, "क्लाउडवर." "म्हणजे कोणाकडे?" यावर तो हसला. मी इतकी वर्षं टाइम ऑफिसात काढली आहेत की प्रश्नाला हसू आलं तर पुढे विचारायचं नसतं, लक्ष ठेवायचं असतं, एवढं मला कळतं.

मंदारचा आग्रह होता की केंद्राची कामं आणि घरचे यजमान दोन्ही त्यात भरायचे, म्हणजे तारखा एकमेकींवर आदळणार नाहीत. त्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं. लग्नसराईत दोन ठिकाणचे शब्द देऊन बसलेल्या गुरुजींनी मला कमी छळलेलं नव्हतं. मला वाटलं, आता बाकड्यावर बंड होईल. झालं नाही. पुढच्या आठवड्यात एकेक जण गुपचूप येऊन टेबलासमोर बसला आणि मी विचारेन ती माहिती देत गेला. नाव काय, हे. पत्ता काय, हा. फोन, घ्या लिहून. विनायकगुरुजी तर डोळे मिटून नंबर सांगत होते, कारण त्यांना सगळे पाठ होते. त्यांच्या मोबाइलमध्ये एकही नाव साठवलेलं नव्हतं. फोन येऊन गेला की तो यादीतून पुसून टाकायचा, हे एकच बटण त्यांना नीट येत होतं.

इतक्या सरळपणे सगळं झालं की मला झोप लागेना. पण धरायला काही सापडत नव्हतं.

वेबसाइट चालू लागली, आणि खरं सांगायचं तर कामाची निघाली. तारखा आदळायच्या थांबल्या. आदल्या दिवशी गुरुजींना आठवण आपोआप जायची. संशय घ्यायलाही नवी जागा झाली. गणेश चतुर्थीला एकेक गुरुजी पहाटेपासून दुपारपर्यंत घरं करत फिरतात. एकदा नऊच्या सुमारास बघते तर एका गुरुजींच्या सगळ्याच घरांपुढे पूजा झाल्याची खूण. यादीतलं शेवटचं घर केंद्राकडून आलेलं होतं, तिथे मी फोन लावला. तिथे गणपती अजून कपड्याखाली झाकलेलाच होता. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "ताई, दिवसभर हात ओले असतात. म्हणून सकाळीच खुणा करून निघालो." कारखान्यातही कामगार असंच काहीतरी सांगायचे, फक्त हात तेलकट असायचे.

मग तो चैत्रातला दिवस आला. सकाळी सुधाकाकूंचा, म्हणजे विनायकगुरुजींच्या पत्नीचा, फोन आला. पहाटे गुरुजींच्या छातीत दुखू लागलं होतं. त्यांना दवाखान्यात नेलं होतं, धोका टळला होता, पण हलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "ते सारखे उठून बसतायत," काकू म्हणाल्या. "आज धायरीला वास्तुशांत आहे म्हणतात."

मी वेबसाइट उघडली. धायरी, गावंडे, वास्तुशांत. पत्त्याच्या जागी "शाळेच्या मागे". धायरी खेडं होतं तेव्हा एवढा पत्ता पुरला असता. आता शाळेच्या मागे डोंगरापर्यंत इमारतीच होत्या. फोन नंबर होता. मी लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. रिक्षातून दोनदा लावला. गावंड्यांच्या घरी पाहुणे जमत असतील, कोणकोण लांबून आले असतील, आणि फोन कोणी उचलत नव्हतं. दवाखान्यात पोचले, गुरुजींच्या खाटेशी उभी राहिले आणि पुन्हा एकदा लावला.

गुरुजींच्या उशीखाली फोन वाजला.

मी बंद केला. तोही बंद झाला. मी पुन्हा लावला. पुन्हा उशी वाजली. परिचारिका धावत आली आणि मोबाइल काढून काकूंच्या हातात देऊन म्हणाली, "आजोबा, इथे फोन चालत नाही." गुरुजी छताकडे बघत होते.

"गुरुजी," मी म्हटलं, "गावंड्यांच्या नावापुढे तुमचा नंबर कसा?"

"लिहिताना चुकलं असेल तुमचं."

"मी कधी चुकीचं लिहिलंय?"

त्यांनी नळी लावलेल्या हाताने मला जवळ यायची खूण केली आणि हळूच विचारलं, "आधी हे सांगा, कोणाला पाठवताय?"

मी सांगितलं, सकाळभर मोकळे फक्त शशांकगुरुजी आहेत.

"मग नंबर विसरलो मी."

"गुरुजी, त्यांच्या घरी माणसं जमली आहेत. मुहूर्त जाईल."

"दुपारपर्यंत आहे मुहूर्त. मी बघितलाय." धाप लागत होती, तरी डोळे लख्ख होते. "गोपाळला पाठवा."

"गोपाळगुरुजी कोथरूडला निघतायत, सत्यनारायणाला."

"मग शशांकला कोथरूडला पाठवा. तो यजमान केंद्राचा आहे. त्याला मिळेना का सोन्यासारखा आवाज."

सुधाकाकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्या रडतायत की हसतायत, मला कळलं नाही. मी बाहेर जिन्यात जाऊन मंदारला फोन केला. त्याने ऑफिसातून बसल्या जागी दोन कामांची अदलाबदल केली, दोन्ही गुरुजींना निरोप गेले. हे त्या वेबसाइटचं श्रेय, आणि ते मी नाकारत नाही. मी परत आत आले, "झालं" म्हणून सांगितलं, तेव्हा विनायकगुरुजींनी माझ्या कानात गावंड्यांचा नंबर सांगितला. वर म्हणाले, "त्या यंत्रात घालू नका."

गोपाळगुरुजींनी वास्तुशांत व्यवस्थित केली. संध्याकाळी गावंड्यांचा मला फोन आला. पूजा छान झाली म्हणाले, पण आमच्या आजोबांना काही ऐकूच आलं नाही हो. आमचे गुरुजी कधी बरे होतात? दुसऱ्या दिवशी मी हे शब्द दवाखान्यात जाऊन सांगितले. विनायकगुरुजींनी समाधानाने डोळे मिटले. "गोपाळ फार गुणी मुलगा आहे," ते म्हणाले.

ऑफिसात येऊन मी बाकीचे नंबर तपासायला बसले, आणि इतके दिवस मला झोप का लागत नव्हती ते कळलं. विनायकगुरुजींनी मोबाइल, घरचा फोन आणि मुलाचा फोन असे आलटून पालटून दिले होते. एकांनी सगळ्या यजमानांचा शेवटचा आकडा बदलला होता. एकांच्या चार यजमानांचा फोन त्यांच्या मेहुणीकडे वाजला, आणि ती बाई माझ्यावरच खेकसली. शशांकगुरुजींनीही तेच केलं होतं. ज्याला सगळे घाबरत होते, तोही घाबरत होता. केंद्रात फोन करून आलेले यजमान तेवढे खरे. बाकी सगळ्या नंबरांमागे एकेक गुरुजी पाठ टेकून बसलेले.

मला हसू आलं आणि संतापही आला. मंदारला सांगितलं तेव्हा तो डोकं धरून बसला. "काकू, हे लोक सिस्टिमलाच फसवतायत." मी म्हटलं, सिस्टिमला नाही, बाकड्यावर शेजारी बसलेल्या माणसाला. त्याने सभा घेतली. सगळ्यांनी लिहिण्यात चूक झाल्याचं मान्य केलं आणि नंबर बदलून दिले. ते खरे होते का, ते तपासायची मला परवानगी नव्हती. मी यजमानांना परस्पर फोन करते म्हटल्यावर बाकडं रिकामं व्हायची वेळ आली होती.

विनायकगुरुजी बरे होऊन पुन्हा येऊ लागले. त्यांनी मात्र नंबर बदलले नाहीत. एका दुपारी बाकड्यावर दोघंच होतो, तेव्हा मी विषय काढला.

"गुरुजी, तुमचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये. तो काही पूजा सांगणार नाही. मग हे यजमान कोणासाठी राखून ठेवताय?"

मला वाटलं, काहीतरी खवचट बोलतील. त्यांनी खांद्यावरचं उपरणं मांडीवर घेऊन त्याची घडी घातली.

"माझे वडील सायकलवरून जायचे यांच्याकडे," ते म्हणाले. "मी मागे बसलेलो असायचो. कोणत्या घरात पाणी कुठे ठेवतात, कोणाची सून कोणाशी बोलत नाही, हे सगळं मला माहिती आहे. नंबर दिला की हे दुसऱ्याचं झालं. मी आहे तोवर माझंच असू दे ना, ताई."

मी पुढे बोलले नाही. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. त्या वेळी मला त्यांचं पटलं होतं, ही खरी अडचण.

पुढच्या वर्षी वैशाखात ते गेले. झोपेतच गेले. सुधाकाकूंचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आता कळवायचं कोणाला? चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या घरी उभा राहिला. बारशापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक प्रसंगाला. मी वेबसाइट उघडली. दोनशेच्या आसपास घरं होती. नावं खरी, कोणाचा पत्ता "पुलापलीकडे", कोणाचा "बँकेच्या वर". आणि नंबर तीन. एक बंद झालेला घरचा फोन, एक मुलाचा, आणि एक त्यांचा स्वतःचा, जो तेव्हा त्यांच्या खुंटीवरच्या पिशवीत होता. त्या मोबाइलमध्येही काही नव्हतं. आदल्या दिवशीपर्यंतचा प्रत्येक फोन त्यांनी पुसून टाकलेला होता. मी फक्त गावंड्यांना कळवू शकले. वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या. ज्यांच्या घरी ते जात होते, त्यांच्या घरी आता वर्तमानपत्र येत नव्हतं किंवा आलं तरी ते पान कोणी वाचत नव्हतं.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर केंद्रातले सगळे गुरुजी होते. शशांकगुरुजींनी विधी सांगितले. त्यांचा आवाज त्या दिवशी दोनदा अडला. गोपाळगुरुजी शेजारी बसून साहित्य हातात देत होते. ज्यांच्यापासून विनायकगुरुजींनी जन्मभर सगळं लपवलं, त्यांतला एकही घरी राहिला नव्हता. यजमानांपैकी एक गावंडे तेवढे आले होते.

महिन्याभराने सुधाकाकू ऑफिसात आल्या आणि त्यांनी तो मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. "हा वाजत असतो," त्या म्हणाल्या. "मला प्रत्येकाला सांगवत नाही, मालतीताई. तुम्ही सांगा." त्यांनी सोबत चार्जरही आणला होता, नीट गुंडाळून.

मी तो खणात ठेवला. आषाढात क्वचित वाजायचा. श्रावण लागला तसा रोज वाजायला लागला. कोणाला सत्यनारायण करायचा असायचा, कोणाला जिवतीची पूजा विचारायची असायची, गणपती जवळ आले तसे "गुरुजी, यंदा किती वाजता?" असे फोन सुरू झाले. मी प्रत्येकाला सांगायचे. बरेच जण रागवायचे. आम्हाला कळवलं का नाही? मी सांगायचे, तुमचा नंबर आमच्याकडे नव्हता. काही जणांना ते पटायचं, काही जणांना खोटं वाटायचं.

विश्रांतवाडीच्या एका बाई मला विसरता येत नाहीत. आवाजावरून वयस्कर वाटल्या. मी बातमी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "दहाव्याला कोण होतं हो त्यांच्या?"

"घरचे होते. गुरुजी होते सगळे."

"आमच्या यांच्या वेळी पावसात आले होते. रिक्षा मिळेना तर चालत आले. माझ्या दोन्ही मुलांची लग्नं त्यांनी लावली. आणि त्यांच्या वेळी आम्ही कोणी नाही?"

"तुमचा नंबर आमच्याकडे नव्हता," मी म्हटलं.

"तुमच्याकडे नसेल. गुरुजींना तर पाठ होता माझा."

त्यांनी तुम्हाला जपायला म्हणून लपवून ठेवलं होतं, असं कसं सांगणार? त्या रडत होत्या. मीही रडले. मग त्यांनीच विचारलं, "आता आमच्याकडे कोण येणार?" मी म्हटलं, मी चांगला माणूस पाठवते. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं. आता तुम्हालाच विचारायचं."

आलेल्या फोनचा नंबर पडद्यावर दिसतो. तो मी पुसत नव्हते. म्हणजे दिवाळीपर्यंत विनायकगुरुजींचे बहुतेक यजमान, खऱ्या नंबरांसकट, एकट्या माझ्याजवळ आले होते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण बाकड्याला कळलं होतं. एका गुरुजींनी घरच्या अळूवड्या आणून दिल्या. दुसऱ्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि तेल सुचवलं. तिसरे म्हणाले की, विनायकगुरुजी त्यांना मुलासारखे मानायचे.

मंदार एका शनिवारी आला. त्याला सगळं ठाऊक होतं. "काकू, आता तरी हे खरे नंबर सिस्टिममध्ये भरून टाका. पुन्हा तसं व्हायला नको."

त्याचं अगदी बरोबर होतं. विश्रांतवाडीच्या बाईंचा आवाज माझ्या कानात होता. मी लगेच बसले आणि पहिलं नाव त्यांचंच काढलं. पत्ता पूर्ण भरला, इमारत, मजला, जवळची खूण. घरात पाणी कुठे ठेवतात ते सोडून सगळं भरलं. फोनच्या रकान्यापर्यंत आले, तेवढ्यात शशांकगुरुजी दारातून आत येत म्हणाले, "ताई, चहा सांगू का तुम्हाला?" इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी चहा विचारला नव्हता.

"सांगा," मी म्हटलं. ते मागे येऊन उभे राहिले. मी पडदा थोडासा माझ्या बाजूला वळवला आणि त्या रकान्यात माझा स्वतःचा मोबाइल नंबर घातला. खालच्या नावापुढेही तोच घातला.